घोड्यावरचे बिऱ्हाड

गेल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट आहे. अम्मी, मुलांचे अब्बा, मी आणि आमची दोन मुले अशी घरातली पाच माणसे एक रात्र तंबूत राहायची म्हणून निघालो. आम्ही वाघोलीला राहतो. वाघोली हे पुणे-नगर रस्त्यावरचे जुने गाव. येथे वाघेश्वराचे देऊळ आहे, पिलाजी जाधवराव या पेशवेकालीन सरदाराची समाधी आहे आणि आसपास दगडाच्या खाणी आहेत. २०२१ साली हे गाव पुणे महानगरपालिकेत आले. त्याच्या आधीपासूनच शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहू लागल्या होत्या. मोकळ्या आभाळाखाली झोपायचे तर आता केसनंदच्या पलीकडे जावे लागते. तिकडे मुलांच्या अब्बांच्या एका मित्राचे शेत आहे. बाजरी निघाली होती आणि रान रिकामे पडले होते.

तंबू आम्ही एका ओळखीच्या घरून मागून आणला होता. शेतावर पोहोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. दिवस मावळायला अजून दोन तास होते, म्हणून कोणालाच घाई नव्हती. पण तंबू काढायला गेलो तर तो सापडेना. घरून निघताना तो सर्वांत आधी गाडीत टाकला होता. त्याच्यावर गाद्या, गाद्यांवर भांडी, भांड्यांवर कपड्यांच्या पिशव्या. म्हणजे तंबू काढण्यासाठी सगळी गाडी रिकामी करावी लागली. सामान शेतात पसरले. तंबू मिळाला, तर मेखांची पिशवी मिळेना. ती पुढच्या आसनाखाली निघाली. मेखा ठोकायला हातोडी आणलीच नव्हती. मुलगा दगड शोधायला गेला. अब्बा म्हणत होते, दार पूर्वेला करू; मी म्हणत होते, रस्त्याच्या बाजूला नको. धाकटी मधल्या मधे एक काठी घेऊन पळत होती. पाच माणसे काम करत होती, पण प्रत्येक जण दुसऱ्याच्या हातातले काम ओढून घेत होता.

साडेपाच वाजता पश्चिमेकडून ढग आले. दिवाळीत पाऊस येईल असे आम्हांला वाटले नव्हते. तंबू अर्धवट उभा असतानाच सरी कोसळू लागल्या. उघड्यावर पसरलेल्या गाद्या भिजल्या. अम्मींना दम्याचा त्रास आहे. त्यांना गाडीत बसवले, पण तोवर त्यांचा दुपट्टा ओला झाला होता. थोड्याच वेळात त्यांना खोकल्याची उबळ येऊ लागली. औषध कोणत्या पिशवीत आहे हे मलाच आठवेना. ते शोधायला मला पंधरा मिनिटे लागली. ती पंधरा मिनिटे मी अजून विसरलेले नाही.

त्याच रानाच्या दुसऱ्या टोकाला मेंढपाळ धनगरांचा वाडा उतरला होता. येथे वाडा म्हणजे मोठे घर नव्हे. बरोबर फिरणारी चार-सहा कुटुंबे आणि त्यांच्या मेंढ्या मिळून जो तळ पडतो, त्याला वाडा म्हणतात. पाऊस आला तेव्हा त्यांच्याकडे काहीच धावपळ दिसली नाही. ढग दिसताच त्यांनी काठ्यांवर कापड टाकून लहान लहान पाले उभी केली होती. आमचा तंबू उभा राहत होता तेव्हा त्यांच्या चुलीचा धूर निघत होता. अंधार पडल्यावर त्यांच्यातल्या एक वयस्कर बाई कंदील घेऊन आमच्या गाडीपाशी आल्या. त्यांनी खांद्यावरची काळी घोंगडी काढून माझ्या हातात दिली.

"म्हातारीला ह्यात गुंडाळा. लोकर वली झाली तरी ऊब धरती," त्या म्हणाल्या.

त्या घोंगडीत अम्मी रात्रभर गाडीतच बसून राहिल्या. पहाटे त्यांना जरा झोप लागली.

सकाळी मी मुलांना घेऊन घोंगडी परत द्यायला गेले. तोच वाडा उठायची वेळ झाली होती. पुणे, सातारा, नगर, सांगली या जिल्ह्यांच्या कोरड्या भागांतले अनेक मेंढपाळ दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. पाऊस पडून गेला की गावाकडचा चारा संपत येतो. मग ते कळप घेऊन चाऱ्याच्या शोधात निघतात. काही तर घाट उतरून कोकणापर्यंत जातात. पावसाळ्याच्या तोंडावर सगळे गावी परततात. वाटेत शेतकरी त्यांना आपल्या रानात मेंढ्या बसवायला सांगतात. रात्रभर मेंढ्या बसल्या की लेंड्या आणि मूत यांचे उत्तम खत जमिनीला मिळते. त्याबद्दल शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. एका रानात एक-दोन रात्री, की पुढचे रान. म्हणजे वर्षातले सहा-सात महिने या कुटुंबांचे घर पुन्हा पुन्हा मोडते आणि पुन्हा पुन्हा उभे राहते.

मी मुलाला घड्याळ पाहायला सांगितले.

पुरुष मेंढ्या घेऊन केव्हाच चरायला निघून गेले होते. ते दिवसभर चारत चारत लांबच्या वाटेने जाणार होते. बिऱ्हाड हलवायचे काम बायकांचे होते. त्या घोडी घेऊन जवळच्या वाटेने पुढच्या मुक्कामावर जातात. संध्याकाळी कळप तेथे पोहोचतो, तेव्हा तळ तयार असावा लागतो.

मावशींनी (आता मी त्यांना मावशी म्हणू लागले होते) प्रथम पालाचे दोर सोडले. गाठींशी झटापट नाही, दातांनी ओढणे नाही. दोराचे एक टोक ओढले की गाठ आपोआप सुटत होती. मराठीत अशा गाठीला सुरगाठ म्हणतात. जी सहज सुटत नाही ती निरगाठ. आम्ही आदल्या दिवशी सगळीकडे निरगाठी मारल्या होत्या. आमचा दोर सुती होता. सुती दोर भिजला की आखडतो आणि गाठ आणखी घट्ट होते. त्या सकाळी आम्हांला तीन दोर चाकूने कापावे लागले.

मावशींची सून तोवर वाघर गुंडाळत होती. वाघर म्हणजे मेंढ्यांभोवती लावायची दोरीची जाळी. तिने ती एका टोकापासून हातावर घेत घेत गुंडाळली आणि शेवटचे टोक मुद्दाम बाहेर ठेवले. पुढच्या मुक्कामावर ते टोक पहिल्या खुंटाला अडकवायचे आणि चालत सुटायचे. जाळी आपोआप उलगडत जाते. दहा वर्षांची नात खुंट उपटून मोजत होती. कोणी कोणाला काही विचारत नव्हते.

मग घोड्यावर सामान चढू लागले. पाठीवर आधी खोगीर. दोन्ही बाजूंना सारख्या वजनाची धान्याची पोती. एक बाजू जड झाली तर घोड्याची पाठ सोलते, म्हणून मावशी पोती हाताने तोलून पाहत होत्या. त्यांवर वाकळा आणि घोंगड्या. बाजूने काठ्या आणि पाल. मग वाघर. मग तवा, पातेली, पाण्याची घागर. सर्वांत वर कोंबड्यांची पाटी आणि दोन दिवसांपूर्वी जन्मलेले कोकरू. शेवटी त्या सगळ्यांच्या मधोमध दीड वर्षाचा नातू बसवला आणि ओढणीने बांधला. तो हसत होता. आमच्या धाकटीला त्याचा फार हेवा वाटला.

"अम्मी, सत्तावीस मिनिटे," मुलगा म्हणाला.

मी मावशींना विचारले, "इतक्या लवकर कसे हो आवरता?"

त्यांना प्रश्नच नीट कळला नाही. आपण काही लवकर करतो असे त्यांना वाटत नव्हते. थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "उतरल्यावर जे आधी लागतं, ते चढवताना मागनं ठिवायचं. दुसरं काय? पोरगं आधी उतारतं, मग कोकरू, मग तवा. चूल पेटली की बाकीचं हळूहळू."

आणि खरेच, आम्ही नेमके याच्या उलट केले होते. पहिल्यांदा लागणारा तंबू सर्वांत खाली होता. सर्वांत वर होती ती दुसऱ्या दिवशी घालायच्या कपड्यांची पिशवी.

मी म्हटले, "रोज पाल उभारायचे आणि रोज मोडायचे, कंटाळा येत असेल."

"रोज कशाला?" त्या म्हणाल्या. "पाऊस नसला तर पाल मारतंय कोण? आभाळ हायच की वर. वाघर मातुर रोज लावावी लागती. दिवस बुडायच्या आत. उसात बिबट्या असतो. येळ झाला की कोकरू गेलं."

शिरूर, जुन्नर, आंबेगाव या तालुक्यांत उसाच्या फडांत बिबटे राहतात हे तुम्ही वर्तमानपत्रांत वाचले असेल. आमच्यासाठी उशीर म्हणजे भिजलेली गादी. त्यांच्यासाठी उशीर म्हणजे गेलेले जनावर. म्हणून त्या दर संध्याकाळी हव्याच असणाऱ्या जाळीला पहिला मान देतात आणि गरज नसेल तेव्हा पालाला हातही लावत नाहीत.

घोडी निघाली. मावशी मात्र मागे राहिल्या. त्यांनी रिकाम्या जागेवरून खाली पाहत एक फेरी मारली. राखेत पाणी ओतले. एक खुंट मिळाला, तो कमरेला खोचला आणि मग त्या झपाझप चालू लागल्या. घोंगडी परत घ्यायला त्या विसरल्या नव्हत्या, पण "म्हातारीला ऱ्हाऊ द्या" असे म्हणून त्यांनी ती घेतली नाही. मी पैसे देऊ केले, तर त्या रागावल्या. शेवटी अम्मींनी त्यांच्या नातवासाठी खजुराचा डबा दिला, तो त्यांनी घेतला.

हे पाहताना मला एक जुना शब्द आठवला. तो तुमच्या ओळखीच्या भाषेतला आहे: पेशखाना. 'पेश' म्हणजे पुढे. मोगल बादशहा प्रवासाला निघाला की त्याच्यासाठी डेऱ्यांचे दोन संच असत. बादशहा एका मुक्कामावर असताना दुसरा संच पुढच्या मुक्कामावर जाऊन उभा राहत असे. पुढे जाणारा हा संच म्हणजे पेशखाना. १६६५ च्या सुमारास औरंगजेबाबरोबर काश्मीरला गेलेल्या फ्रान्स्वा बर्निये या फ्रेंच वैद्याने त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्याच्या आधी अकबराच्या दरबारातील अबुल फजल याने 'आईन-इ-अकबरी'त तळाचा हिशेबच दिला आहे. एका तळाचे सामान वाहून न्यायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत. डेरे उभारायला १,००० फर्राश असत. शिवाय भिस्ती, सुतार, मशालजी आणि झाडूवाले वेगळे. त्याच ग्रंथात 'चोबीन रावटी' नावाच्या डेऱ्याचा उल्लेख आहे. मराठीत लहान तंबूला राहुटी किंवा रावटी म्हणतात, तो शब्द तुम्हांला येथे भेटेल.

तळाशी संबंधित असे कितीतरी शब्द उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत आहेत: डेरा, तंबू, कनात, शामियाना, मेख, मुक्काम, कूच. पेशवाईत तंबू, कनाती आणि बैठकीचे सामान ज्या खात्याकडे असे, त्याला फरासखाना म्हणत. पुण्यात आज त्या नावाचे पोलीस ठाणे आहे. आणखी एक गंमत सांगते. 'उर्दू' हा मुळात तुर्की शब्द. त्याचा अर्थ छावणी, लष्कराचा तळ. तुम्ही घरी जी भाषा बोलता, तिचे नावच तळावरून पडले आहे.

बादशहाला मुक्कामावर पोहोचताच डेरा तयार मिळे हे खरे. पण ती गती विकत घेतलेली होती. सगळे दुप्पट घ्यायचे आणि ते वाहायला हत्ती ठेवायचे. मावशींकडे सगळे एकच होते: एक पाल, एक वाघर, एक तवा. तरी संध्याकाळी कळप येईपर्यंत त्यांचाही तळ तयार असतो. आजच्या काळात पेशखाना पाहायचा असेल तर आषाढी वारीत पाहावा. दिंडीचे वारकरी पायी चालत असतात, तेव्हा त्यांच्या राहुट्यांचा ट्रक पुढे गेलेला असतो.

सामान कमी असले की वेग वाढतो, हे मराठ्यांच्या इतिहासातही दिसते. १७२८ साली पहिल्या बाजीराव पेशव्याने पालखेड येथे निजामाला कोंडीत पकडले, ते हलक्या, वेगवान घोडदळाच्या जोरावर. निजामाजवळ मोठा तोफखाना होता आणि त्याचे ओझेही होते. पुढे १७६० साली उत्तरेकडे निघालेल्या मराठी फौजेबरोबर मात्र बायका, मुले, यात्रेकरू आणि बाजारबुणगे असा मोठा समुदाय होता. पानिपतपर्यंत त्या सर्वांना सांभाळत जावे लागले. मी इतिहासाची शिक्षिका नाही, म्हणून याहून जास्त बोलत नाही.

घरी आल्यावर पहिले दोन दिवस अम्मींची सेवा करण्यात गेले. ओला तंबू तसाच गुंडाळून पिशवीत राहिला. तिसऱ्या दिवशी उघडला तर काळ्या बुरशीचे ठिपके पडले होते. दुसऱ्याची वस्तू! ती आम्ही भरून दिली आणि बुरशी लागलेला तंबू स्वतःकडे ठेवून घेतला. सोड्याच्या पाण्याने धुतला, तरी थोडे डाग राहिलेच. तंबू ओला आवरावा लागला तर हरकत नाही; पण घरी पोहोचल्याबरोबर, जेवायच्याही आधी, तो वाळत घालावा.

मग आम्ही इमारतीच्या गच्चीवर सराव सुरू केला. गच्चीत मेखा ठोकता येत नाहीत, म्हणून दोर विटांना बांधले. शेजारची मुले पाहायला जमली आणि त्यांनी बरीच मजा केली. पहिल्या वेळी चाळीस मिनिटे लागली. चौथ्या वेळी पंधरा. आमचे हात काही जलद झाले नव्हते. प्रत्येकाचे काम ठरले होते, एवढाच फरक. जागा निवडणे आणि दाराची दिशा हे अब्बांचे काम. वारा कोठून येतो ते पाहायचे आणि दार त्याच्या विरुद्ध बाजूला करायचे. एकदा त्यांनी सांगितले की पुन्हा चर्चा नाही. खाली ताडपत्री अंथरणे आणि काठ्या जोडणे हे माझे. मेखा मुलाच्या. मेख सरळ ठोकायची नाही, तिचे डोके तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकलेले ठेवायचे; म्हणजे दोराच्या ताणाने ती उपटत नाही. तंबूच्या दारात चपला ओळीने लावणे आणि कंदील सांभाळणे हे धाकटीचे. हे काम आम्ही तिला पळापळ थांबवण्यासाठी दिले होते, पण अंधारात त्याचाच फार उपयोग होतो.

चुलीची जागा ठरवण्याचे काम अम्मींनी मागून घेतले. तंबूपासून दहा पावले दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, असा त्यांचा नियम आहे. १९९७ साली हजच्या वेळी मिना येथे तंबूंना आग लागून शेकडो हाजी मरण पावले होते. त्या वर्षी अम्मींच्या ओळखीचे लोक तेथे होते. तंबू कितीही घाईने उभारा, पण तंबूत स्टोव्ह पेटवू द्यायला त्या तयार नाहीत. पाऊस असला तर चहा नाही, असे त्या स्पष्ट सांगतात.

गाडी भरण्याची पद्धतही बदलली. कपडे सर्वांत खाली, मग अंथरुणे, मग भांडी आणि शिधा. सर्वांत वर तंबू, त्याच्या पिशवीतच मेखा आणि हातोडी. अम्मींचे औषध कोणत्याही पिशवीत नसते. ते माझ्या गळ्यातल्या छोट्या बटव्यात असते.

यंदाच्या दिवाळीत आम्ही पुन्हा त्याच रानात गेलो. चार वाजता पोहोचलो आणि सव्वाचारला अम्मी तंबूच्या दारात त्या काळ्या घोंगडीवर बसल्या होत्या. या वेळी पाऊस आला नाही. वाडाही आला नाही. शेतमालकांना विचारले, तेव्हा ते म्हणाले की वरच्या बाजूची तीन रानेही विकली गेली आणि त्यांना भिंती घातल्या. मेंढ्यांची वाट बंद झाली. वाडा दुसरीकडून कोठून तरी गेला असेल. अम्मींनी खजुराचा डबा बरोबर आणला होता. तो त्यांनी संध्याकाळपर्यंत उघडू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना मुलगा मावशींसारखा रिकाम्या जागेवरून फेरी मारून आला आणि त्याने मेखा मोजल्या. चौदा आणल्या होत्या, पंधरा भरल्या. पंधरावी गंजलेली होती, गेल्या वर्षी चिखलात राहून गेलेली. ती पुसून त्याने पिशवीत टाकली.